डावा डोळा, उजवा डोळा

रीनो शहर मागे टाकून ३४१ क्रमांकाच्या रस्त्याला लागलं की गायगर ग्रेडचा घाट सुरू होतो आणि थोड्याच वेळात कानांत दडे बसतात. खाली कॅसिनोंच्या इमारती, वर उघडेबोडके डोंगर आणि मधे सेजब्रशची राखाडी झुडपं. गाडी लेक चालवत होती. माझ्या मांडीवर एक खोकं होतं. त्यात पारदर्शक पाकिटांत घातलेली जाड पुठ्ठ्याची कार्डं आणि वर लाकडी दांड्याचा स्टिरिओस्कोप.

"आई, लोक नेवाडात जुगार खेळायला येतात," ती म्हणाली. "तू पुठ्ठे घेऊन येतेस."

"जुगारच आहे गं हाही," मी म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

ज्यांनी लहानपणी व्ह्यू-मास्टरला डोळे लावून ताजमहाल पाहिलाय, त्यांना स्टिरिओस्कोप समजावून सांगायला नको. आपल्या दोन डोळ्यांत साधारण अडीच इंचांचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना दिसणारं दृश्य किंचित वेगळं असतं. मेंदू ती दोन दृश्यं एकमेकांवर बसवतो आणि जवळ काय, लांब काय हे ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये आरशांचं उपकरण करून हे दाखवलं, तेव्हा फोटोग्राफी अजून जगासमोर यायची होती. नंतर डेव्हिड ब्रूस्टरने भिंगं बसवलेली पेटी केली, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ती राणी व्हिक्टोरियाच्या नजरेत भरली आणि मग काय, पेट्यांचा धंदा जोरात सुरू झाला. अमेरिकेत हे वेड पसरवलं बॉस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टरने. हातात धरायचा हलका, स्वस्त स्टिरिओस्कोप त्याने १८६१ च्या सुमारास तयार केला आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही. ज्याला हवा त्याने बनवावा. माझ्या खोक्यातलं यंत्र त्याच घराण्यातलं.

त्यात घालायचं कार्ड सात इंच लांब, साडेतीन इंच उंच. त्यावर शेजारी-शेजारी चिकटवलेले दोन फोटो. नायगरा, योसेमिटी, पॅरिस, जेरुसलेम अशी कार्डं लाखांनी छापली गेली आणि आजही जुन्या बाजारात ढिगांनी मिळतात. मी मात्र फक्त खाणगावांची घेते, तीही १८६० ते १८८० या काळातली. याचं कारण सॅन होजेमधलं आमचं घर. घरापासून थोड्या अंतरावर न्यू अल्माडेनच्या टेकड्या आहेत. आता तिथं बाग आहे, आम्ही शनिवारी फिरायला जातो. पण १८४०च्या दशकापासून तिथं पाऱ्याची खाण होती. जवळच्या तलावांवर 'इथले मासे खाऊ नका' अशा पाट्या आजही आहेत, कारण पाणी जुना पारा विसरलेलं नाही. एका जुन्या वस्तूंच्या जत्रेत मला त्या खाणीचं एक कार्ड सापडलं. कार्ल्टन वॉटकिन्स या फोटोग्राफरने १८६३ मध्ये न्यू अल्माडेनला येऊन बरंच काम केलं होतं. माझं कार्ड त्याचं असेल-नसेल, त्यावर नाव नव्हतं. पण डोळे लावले आणि ओळखीच्या टेकडीचा उतार एकदम पोटात खड्डा पडावा तसा समोरून खाली गेला. आम्ही ज्या वाटेवर पाण्याच्या बाटल्या घेऊन रमतगमत चालतो, ती वाट पाठीवर ओझं घेऊन चढायची आहे, हे सपाट फोटोने मला कधी सांगितलं नसतं.

पारा कशाला लागायचा? दळलेल्या खनिजातून सोनं-चांदी ओढून घ्यायला. म्हणजे आमच्या टेकडीतला पारा लोखंडी बाटल्यांत भरून सिएरा नेवाडा ओलांडून जिथं जायचा, तिथंच आम्हीही निघालो होतो.

व्हर्जिनिया सिटी सहा हजार फुटांहून उंच, माउंट डेव्हिडसनच्या पूर्वेच्या उतारावर आहे. १८५९ मध्ये इथं सोनं शोधणारे लोक एका निळ्या-काळ्या चिखलाने वैतागले होते. सोनं गाळायच्या पेट्या त्याने तुंबायच्या, म्हणून ते तो शिव्या देत फेकून द्यायचे. कोणीतरी तो कॅलिफोर्नियात तपासायला नेला आणि कळलं की ती चांदी आहे. हेन्री कॉमस्टॉक या मोठ्या तोंडाच्या माणसाने शोधात स्वतःचं घोडं पुढे दामटलं, म्हणून तो सगळा पट्टा कॉमस्टॉक लोड. त्या माणसाच्या हाती पुढे काही राहिलं नाही, नाव तेवढं राहिलं. १८७०च्या दशकाच्या मध्यावर गावात सुमारे २५ हजार माणसं होती. आज हजारसुद्धा नाहीत. मार्क ट्वेनने याच गावच्या वर्तमानपत्रात नोकरी केली आणि १८६३ मध्ये ते टोपणनाव इथंच पहिल्यांदा लावलं, हे गाव तुम्हाला दर दहा पावलांवर पाटी लावून सांगतं.

रस्त्यांची नावं ए, बी, सी, डी. वरून खाली. वरच्या रस्त्यांवर तेव्हा साहेबांची घरं, सी स्ट्रीटवर दुकानं आणि दारूचे गुत्ते, डी स्ट्रीटवर वेश्यावस्ती, त्याच्याही खाली चिनी लोक, आणि त्याखाली खनिज दळायच्या गिरण्या. समाजाची उतरंड इतक्या प्रामाणिकपणे उतारावर मांडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. सपाट फोटोत ही उतरंड एकावर एक छपरं होऊन जाते. स्टिरिओत प्रत्येक छप्पर आपापल्या जागी, आपापल्या पायरीवर उभं राहतं. खाणगावांसाठी स्टिरिओ हाच खरा कॅमेरा, हे माझं मत मी व्हर्जिनिया सिटी पाहूनच पक्कं केलं.

सी स्ट्रीटवर लाकडी फळ्यांचे फुटपाथ अजून आहेत. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काउंटरमागे कार्डांचं खोकं होतं. दुकानदार म्हातारा, मिशाळ, गप्पिष्ट. त्याने मोठ्या अभिमानाने एक कार्ड काढलं. पाठीवर पेन्सिलीने 'व्हर्जिनिया सिटी' लिहिलेलं. पिवळसर पुठ्ठा, गोल कोपरे, लाकडी दर्शनी भिंतींची दुकानं, चिखलाचा रस्ता. मी भिंग लावलं. रस्त्याच्या मागे ओढा वाहत होता, त्याच्या काठाला विलोची दाट झाडी.

"हे इथलं नाही," मी म्हटलं.

"का बरं?"

"तुमच्या गावात ओढा कुठाय?"

तो खो खो हसला. मोंटानात दुसरी एक व्हर्जिनिया सिटी आहे. तिथं १८६३ मध्ये आल्डर गल्चच्या ओढ्यात सोनं सापडलं होतं. कार्ड बहुधा तिथलं, किंवा आणखी तिसरीकडचं. पेन्सिलीचं अक्षर कुणाचं, कोणत्या सालचं, कोण सांगणार? किंमत त्याने निम्म्यावर आणली तरी मी घेतलं नाही. ओळख न पटलेलं खाणगाव मी घेत नाही, कितीही देखणं असो. सगळी खाणगावं सारखीच दिसतात. वेगळी असतात ती डोंगररांग आणि कार्डाची पाठ.

पाठीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या नादातली निम्मी मजा तिथं आहे. अगदी आधीची कार्डं पातळ, फिकट, चौकोनी कोपऱ्यांची. १८६०च्या दशकाच्या शेवटी कोपरे गोल व्हायला लागले, कारण टोकदार कोपरे दुमडतात. पिवळे, नारिंगी पुठ्ठे त्याच सुमाराचे. १८८० च्या आसपास कार्डाला बाक आला, त्याने खोली जास्त चांगली दिसते असं विकणारे म्हणत. आणि एक फार उपयोगी खूण म्हणजे तिकीट. यादवी युद्धाचा खर्च भागवायला अमेरिकन सरकारने फोटोंवर कर बसवला होता. १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच तो काळ. पाठीवर महसुली तिकीट आणि त्यावर विक्रेत्याने शाईने मारलेली फुली असेल, तर कार्ड त्या दोन वर्षांत विकलं गेलं. फोटो त्याआधीचा असू शकतो, नंतरचा नाही. पुराव्याच्या बाबतीत इतका चोख कर क्वचितच असेल.

आणि नाव? ते बहुतेक वेळा प्रकाशकाचं असतं. सॅन फ्रान्सिस्कोत लॉरेन्स अँड हाउसवर्थ नावाची पेढी होती, मूळ धंदा चष्म्यांचा. चष्मे विकता विकता त्यांनी स्टिरिओस्कोप विकले, मग त्यात घालायला कार्डं. १८६५ मध्ये त्यांची सूचीही छापून आली. योसेमिटी, सॅन फ्रान्सिस्को आणि खाणगावं, त्यांत व्हर्जिनिया सिटीही. कॅमेऱ्यामागे कोण होतं हे कार्डावर लिहायची त्यांना गरज वाटली नाही. वॉटकिन्सची गोष्ट आणखी वाईट. १८७५ मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया बुडाली, त्या धामधुमीत वॉटकिन्सची गॅलरी आणि निगेटिव्ह काचा धनकोकडे गेल्या आणि मग त्याचेच फोटो आय. डब्ल्यू. टेबर या दुसऱ्या फोटोग्राफरच्या नावाने विकले जाऊ लागले. वॉटकिन्स पुन्हा पायपीट करून नवी मालिका काढायला लागला. १८७६ मध्ये तो कॉमस्टॉकलाही येऊन गेला. शेवटी १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत त्याच्या काचा गेल्या, आणि टेबरच्याही. तोवर वॉटकिन्स जवळजवळ आंधळा झाला होता. मालक आणि लुबाडणारा दोघांच्याही काचा एकाच आगीत संपल्या. उरली ती लोकांच्या घरांत विखुरलेली कार्डं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझ्या आवडत्या कार्डाची जागा शोधायला निघालो. लॉरेन्स अँड हाउसवर्थचं लेबल, पाठीवर निळं तिकीट. फोटो गावाच्या वरून, पूर्वेकडे तोंड करून घेतलेला. खाली छपरांच्या रांगा, त्यापलीकडे धुराची नळकांडी आणि पार लांब सिक्स माइल कॅन्यनच्या दरीत शुगरलोफ नावाची सुळक्याची टेकडी. कॅमेऱ्याची जागा शोधायची रीत साधी आहे. लांबची एक खूण आणि जवळची एक खूण एका रेषेत आणायची. शुगरलोफ हललेली नाही. जवळची खूण मात्र अवघड, कारण २६ ऑक्टोबर १८७५ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळून गेला. माझ्या कार्डातली घरं म्हणजे राख झालेली घरं. आज दिसणारं सेंट मेरीचं चर्च आगीनंतर पुन्हा बांधलेलं, दक्षिणेची फोर्थ वॉर्ड शाळा १८७६ ची. कार्डात ती शाळा दिसली की समजायचं, आगीनंतरचं आहे. रस्त्यांच्या आखणीत मात्र फरक नाही, तेव्हा आम्ही रस्त्याचा कोन धरून डोंगर चढलो. म्हणजे लेक चढली, मी मागून हाश्शहुश्श करत.

हे वेड माझं एकटीचं नाही. मार्क क्लेट आणि त्याच्या सोबत्यांनी जुन्या सर्वेक्षणांतली अमेरिकन पश्चिमेची चित्रं घेऊन १९७७ पासून नेमक्या त्या जागी, त्याच उजेडाच्या वेळी कॅमेरे लावले होते. टिमथी ओसलिव्हन या सर्वेक्षणातल्या फोटोग्राफरच्या नेवाडातल्या जागाही त्यांत आहेत. त्यांनी मोजमापं घेऊन इंचाइंचाने जागा ठरवली. आम्ही फोनवर भागवलं.

जागा सापडली असं दोघींना वाटलं तेव्हा मी दगडावर टेकले आणि स्टिरिओस्कोप डोळ्यांना लावला. मग काढला. पुन्हा लावला. फरक कळायला वेळ लागला, कारण मी घरं पाहत होते. लेकीने तो आधी पाहिला.

"आई, तुझ्या फोटोत झाडच नाहीये."

खरंच की. आम्ही बसलो होतो तिथं आजूबाजूला पिन्यन पाइनची बुटकी, गोलसर झाडं होती. समोरच्या डोंगरांवर ठिपक्याठिपक्यांनी हिरवं होतं. कार्डातले डोंगर भादरलेले. आणि कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात, इतके दिवस मी ज्याला दगडांचा बांध समजून न थांबता पुढे जायचे, ती सरपणाची रचलेली थप्पी होती. स्टिरिओत पुढची वस्तू अंगावर येते. थप्पीतला प्रत्येक ओंडका सुटा दिसत होता, करवतीने कापलेली गोल टोकं बाहेर काढून.

चांदीचं गाव लाकडावर चाललं होतं. बॉयलर लाकडावर, पंप लाकडावर, घरातल्या चुली लाकडावर. आसपासचे पिन्यन काही वर्षांतच संपले. जमिनीखाली तर याहून जास्त. कॉमस्टॉकचं खनिज इतकं रुंद आणि इतकं भुसभुशीत होतं की नेहमीचे खांब टिकत नसत, खाण माणसांवर कोसळे. १८६० मध्ये ओफिर खाणीत फिलिप डायडेसहायमर या जर्मन इंजिनिअरने जाड तुळयांचे चौकोनी सांगाडे एकावर एक, एकाशेजारी एक जोडत जायची पद्धत काढली. कितीही मोठी पोकळी असो, ठोकळे वाढवत जायचे. त्यानेही पेटंट घेतलं नाही. ही पद्धत जगभर गेली आणि प्रत्येक ठोकळ्यासाठी सिएरा नेवाडातला एकेक पाइन खाली गेला. ताहो तलावाच्या काठचं जंगल कापलं गेलं, ग्लेनब्रूकच्या करवतींतून निघालं, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या लाकडी पन्हाळीतून पाण्याबरोबर डोंगर उतरलं आणि रेल्वेने इथं आलं. १८७५ मध्ये जेम्स फेअर आणि जेम्स फ्लड या चांदीच्या दोन राजांनी हौसेने त्यांच्या पंधरा मैलांच्या पन्हाळीतून होडगी सोडून स्वतः घसरगुंडी केली. सोबत न्यूयॉर्कचा एक बातमीदारही होता. सगळे जिवंत उतरले आणि फेअर व फ्लड पुन्हा कधी बसणार नाही म्हणाले.

पर्यटकांसाठी उघड्या ठेवलेल्या एका खाणीत ते चौकोनी सांगाडे पाहिले. वाटाड्याने क्षणभर दिवे घालवले. त्या काळोखात १८६७-६८ च्या हिवाळ्यात ओसलिव्हनने मॅग्नेशियमची तार पेटवून फोटो घेतले होते. खोल पातळ्यांवर कढत पाणी लागायचं, हवा इतकी तापायची की कामगारांना थोडा वेळ खणून बर्फाच्या पाण्याजवळ येऊन बसावं लागे. मजुरी दिवसाला चार डॉलर. त्या काळात ती उत्तम होती आणि युनियनने भांडून टिकवली होती. त्याच युनियनने १८६९ मध्ये मोर्चा काढून रेल्वेच्या कामावरच्या चिनी मजुरांना गावाच्या हद्दीतून हुसकावलं. म्हणजे सरपण वाहणारे, कपडे धुणारे, स्वयंपाक करणारे चिनी चालत होते. चार डॉलरच्या कामांत चिनी नको होते. माझ्या खोक्यात चिनी वस्तीचं एकही कार्ड नाही. फोटोग्राफरला गिऱ्हाईक दिसत होतं गिरणीच्या चित्राला, कारण ती चित्रं सॅन फ्रान्सिस्कोच्या शेअरबाजारातले लोक विकत घेणार. माझं तर मत आहे की या कार्डांकडे जाहिरात म्हणूनच बघावं. गिरणी चकचकीत, धूर भरपूर, फाटकासमोर सरळ उभी केलेली माणसं. कोणी खोटं बोलत नाही, पण कॅमेरा कुठं उभा करायचा हे पैसे देणारा ठरवतो. नशीब असं की स्टिरिओ कॅमेरा समोरचं सगळंच आत घेतो. सरपणाची थप्पी कोणी जाहिरातीसाठी ठेवली नव्हती.

लेकीला आता रस वाटू लागला होता. तिने फोनने एक फोटो घेतला, अडीच इंच उजवीकडे सरकून दुसरा घेतला, आणि डोळे लावायला माझं यंत्र मागितलं. लांबचे डोंगर सपाटच दिसले, कारण अडीच इंचांना लांबवरच्या डोंगराचं काही पडलेलं नसतं. मग ती चार पावलं उजवीकडे गेली. आता शुगरलोफ हातात उचलून घ्यावीशी, खेळण्यातली वाटायला लागली. जुने फोटोग्राफरही ही युक्ती वापरत. दोन भिंगांचा कॅमेरा नसेल तर एकाच कॅमेऱ्याने आधी एक, मग सरकून दुसरा. अशा कार्डात एका चित्रात घोडागाडी असते आणि दुसऱ्यात ती निघून गेलेली असते. स्टिरिओस्कोपमधून अशी गाडी भुतासारखी लुकलुकते. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात दुसरीच भानगड: काचेवरून थेट छापलं तर डावं चित्र उजवीकडे येतं, ते कापून अदलाबदल करून चिकटवावं लागतं. चिकटवणाऱ्याने आळस केला की खोली उलटी होते. खाणीचा खड्डा डोंगर होऊ पाहतो आणि मातीचा ढीग खड्डा. डोळे भांडायला लागतात. असं एक कार्ड माझ्याकडे आहे, पाहुण्यांना दाखवायला.

हे सगळं ओल्या काचेवर होत होतं, हेही विसरू नये. काचेला कलोडियन लावून, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. म्हणजे डोंगरावर काळोखी तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी सगळं खेचरावर. छपाईचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा. चित्र चांदीचं, आणि त्यावरची तपकिरी-जांभळी छटा सोन्याच्या क्षाराची. चांदी-सोन्याच्या गावांचे फोटो चांदी-सोन्यानेच काढलेले.

परतताना कार्सन सिटीला थांबलो. तिथली जुनी टांकसाळ आता राज्याचं संग्रहालय आहे. कॉमस्टॉकची चांदी जवळच नाण्यांत पाडावी म्हणून ती १८७० मध्ये सुरू झाली. तिचं पहिलं नाणी पाडायचं यंत्र अजून तिथं आहे. तिथं चीनच्या व्यापारासाठी पाडलेले चांदीचे 'ट्रेड डॉलर' काचेमागे पाहताना मला आपल्या रुपयाची आठवण झाली, आणि ती उगाच नव्हे. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. जर्मनी सोन्याकडे वळली, अमेरिकेने कायदा बदलला, आणि नेवाडातून नवी चांदी येत राहिली. आपला रुपया चांदीचा. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत, १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगही जेमतेम. लंडनला द्यायचा खर्च पौंडांत, कर मात्र रुपयांत. तो फरक हिंदुस्थानच्या रयतेच्या माथी. शेवटी जून १८९३ मध्ये सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. कार्सन सिटीच्या टांकसाळीतही नाणी पाडणं १८९३ मध्येच थांबलं. माउंट डेव्हिडसनच्या पोटात जे झालं त्याचा हिशेब महाराष्ट्रातल्या शेतसाऱ्यातही थोडा लागला असणार.

पारा मात्र कार्सन नदीत राहिला. गिरण्यांतून वाहून गेलेला पारा हजारो टनांत मोजतात, आणि १९९० पासून तो नदीपट्टा सरकारच्या विषारी जागांच्या यादीत आहे. आमच्या टेकडीतून निघालेला पारा इथवर आला आणि परत गेला नाही.

खाणगावांचा विषय आहेच, तर बोडी या ओस पडलेल्या खाणगावाबद्दलही थोडक्यात. ते ३९५ महामार्गाने दक्षिणेला, कॅलिफोर्नियात, ८,३०० फुटांवर, शेवटचे तीन मैल कच्च्या रस्त्याचे. १८७९-८० मध्ये भरभराट, मग उतरण, १९३२ च्या आगीनंतर जवळजवळ शेवट. १९६२ पासून ते राज्याचं उद्यान आहे आणि घरं दुरुस्त न करता, पडूही न देता, आहेत तशी राखली जातात. तिथून खिळासुद्धा उचलायचा नाही. उचलला तर शाप लागतो अशी दंतकथा आहे, आणि खरोखर लोक माफीच्या पत्रांसह खिळे, काचा, बाटल्या टपालाने परत पाठवतात. लेक म्हणाली, "मग तुझ्या कार्डांचं काय?" मी म्हटलं, कार्ड विकायलाच केलं होतं, खिळा नाही. पण प्रश्न रास्त होता. म्हणून मी माझं प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवते आणि कोणी मागितलं की देते. घरात बंद राहिलेलं कार्ड आणि बोडीहून चोरलेला खिळा यांत मला फार फरक दिसत नाही.

तुम्हाला पाहायचं असेल तर एक पैसाही लागत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने लॉरेन्स अँड हाउसवर्थच्या चित्रांसह हजारो स्टिरिओ कार्डं इंटरनेटवर ठेवली आहेत. व्हर्जिनिया सिटीचं एक उघडा, फोन आडवा धरा, दोन चित्रं मिळून रुंदी पाच इंचांच्या आत ठेवा. चष्मा काढू नका. आता चित्राकडे न बघता त्याच्यामागे, दूर भिंतीकडे बघत असल्यासारखे डोळे सैल सोडा. दोन चित्रांची तीन होतील. मधलं स्थिर होईपर्यंत थांबा. पहिल्या दिवशी जमलं नाही तर डोळ्यांना छळू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आणि जमलं की गिरणी, चर्च, डोंगर नंतर पाहा. आधी खालचे दोन कोपरे पाहा.